जुनी शिडाची बोट घेतलीत? आधी पाणी शोधा

जुनी फायबरग्लासची बोट समुद्राच्या पाण्याने क्वचितच मरते. तिला मारतं ते पावसाचं पाणी. बोट घेण्याआधी आणि घेतल्यानंतरचं पहिलं वर्षभर एवढं एक लक्षात ठेवलंत, तर पैसा कुठे घालायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

हे मी मुख्यतः अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहितो आहे. पंचवीस ते पस्तीस फुटी, १९७० किंवा १९८० च्या दशकातली बोट ज्यांनी नुकतीच घेतली आहे किंवा घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी. जुन्या बोटींचा मोठा बाजार इकडेच आहे. आमच्या चेसापीक उपसागराच्या काठच्या मरिनांमध्ये अशा कितीतरी बोटी धनी शोधत उभ्या असतात. मुंबईत किंवा गोव्यात एखाद्या क्लबातून अशी बोट तुमच्या हाती आली असेल, तरी बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतील. हवामानामुळे जिथे फरक पडतो तिथे तो सांगेन.

या बोटी डागडुजीच्या लायकीच्या आहेत का? माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. १९५९ साली कार्ल अल्बर्ग यांच्या आराखड्याची ‘पीअर्सन ट्रायटन’ न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये आली आणि शिडाची बोट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या पिढीतल्या बोटींचे हल जाडजूड आहेत. काच आणि रेझिनचं ते कवच नीट राखलं तर आजही दणकट भरतं. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच असा आहे, की बोटीचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा. अभिलाष टॉमी यांनी एप्रिल २०२३ मध्ये या शर्यतीत दुसरं स्थान मिळवलं ते ‘रस्टलर ३६’ या जुन्या धाटणीच्या बोटीवर. तेव्हा वयाला घाबरू नका. घाबरायचं ते दुर्लक्षाला.

पैशाचं आधी बोलू. जुनी बोट स्वस्त मिळते, कधी फुकटही मिळते, पण धक्क्याचं भाडं, क्रेनने बाहेर काढण्याचा खर्च हे बोटीच्या लांबीवर ठरतात, तिच्या किमतीवर नाही. म्हणून खरेदीला जेवढे पैसे लागले तेवढेच आणखी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, आणि ते ठेवता येत नसतील तर चार फूट लहान बोट घ्या. दुसरं म्हणजे बोट एकदम सगळी उघडू नका. केबिनचं लाकूड काढलं, इंजिन बाहेर ठेवलं, डेकवरचं सामान उतरवलं आणि मग दोन वर्षं ताडपत्रीखाली बोट तशीच पडून राहिली, असं चित्र प्रत्येक यार्डात दिसतं. एका वेळी एक काम उघडा, ते बंद करा, बोट पाण्यात चालती ठेवा.

खरेदीआधी सर्व्हेअर नेमा, आणि तो विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून पाहायची, इंजिन थंड असताना सुरू करून पाहायचं, शिडं उभारून पाहायची. सर्व्हेअर प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक आणि हल ठोकत जाईल; तेव्हा त्याच्यासोबत उभं राहून कान द्या. घट्ट फायबरग्लास खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं किंवा ओलं झालेलं बद्द वाजतं. हा फरक एकदा कानात बसला की पुढे तुम्ही स्वतःच बोट वाचू शकता. विमा कंपन्याही जुन्या बोटीसाठी सर्व्हेअरचा अहवाल बहुधा मागतात.

आता बोट तुमची झाली. पहिलं काम पाण्याच्या रेषेखालच्या भोकांचं. इंजिनला थंड पाणी घेण्यासाठी, सिंक आणि टॉयलेटसाठी हलला आरपार भोकं असतात आणि प्रत्येकावर झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच बोटींवर इथे घरगुती नळाच्या धर्तीचे पितळी गेट व्हॉल्व्ह बसवलेले सापडतात. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो, आणि एक दिवस चाक फिरवताना दांडाच हातात येतो. ते सगळे काढा. त्याजागी कांस्याचे किंवा बोटींसाठीच्या मजबूत प्लॅस्टिकचे, रुंद बैठकीचे खरे सीकॉक बसवा. साधा बॉल व्हॉल्व्ह भोकाच्या नळीवर पिळून बसवणं टाळा: नळीचे आटे सरळ असतात, व्हॉल्व्हचे निमुळते. दोन-तीन आटेच धरतात, आणि वरून पाय पडला की सगळं मोडून येतं.

हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांत पाहा. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक उघडं पडलं, तर मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. जुन्या बोटीवर तळातलं पाणी उपसायला सहसा ताशी ५०० गॅलनचा बिल्ज पंप असतो. तो कागदोपत्री मिनिटाला बत्तीसेक लिटर फेकतो, आणि पाणी वर चढवायचं म्हटलं की त्याहून बरंच कमी. म्हणजे पंप गळती सांभाळेल, फुटलेली झडप नाही. मोठा पंप जरूर बसवा, हाताने चालणारा दुसराही ठेवा, पण भरवसा झडपेवर, रबरी नळीवर आणि तिच्या दोन-दोन क्लॅम्पवर असू द्या. प्रत्येक सीकॉकपाशी त्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा. महिन्यातून एकदा प्रत्येक झडप उघड-बंद करा. वर्षभर न हललेली झडप गरजेच्या वेळी हलत नाही.

इथे मुंबईच्या एका बोटीची आठवण काढायलाच हवी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ज्या ‘सुहेली’तून एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा केली, ती बत्तीस फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. निघाल्यावर लवकरच कीलच्या (तळाच्या कण्याच्या) बाजूच्या फळ्यांमधून ती गळू लागली. त्यांनी भर समुद्रात पाण्याखाली उतरून फट कापसाने बुजवली आणि वर कॅनव्हास व तांब्याची पट्टी ठोकली. पुढे त्याच बोटीच्या डागडुजीला त्यांनी म्हातारपणातली वर्षं दिली. गळती नेमकी कुठून, हे माहीत असलेला मालक असाच वागू शकतो. तुमच्या बोटीच्या तळात पाणी दिसलं तर आधी चाखून पाहा (डिझेलचा तवंग नसेल तर). खारट असेल तर हल, झडपा किंवा प्रॉपेलरचा दांडा हलमधून बाहेर पडतो तिथलं गळणारं सील. गोडं असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी, नाहीतर डेक. बहुतेक वेळा डेकच असतो.

डेकवर सगळ्यात जास्त वेळ घाला. जुन्या बोटीचा डेक एकजीव फायबरग्लासचा नसतो. वर एक पातळ थर, खाली एक पातळ थर, आणि मध्ये बाल्साचं किंवा प्लायवूडचं लाकूड. हलका आणि ताठ डेक बनवण्याची ही चांगली युक्ती आहे. फक्त त्याच्यात भोक पाडलं की ते भोक पाण्यापासून राखावं लागतं. अशा बोटीवर रेलिंगचे खांब, विंच, क्लीट, हॅच, खिडक्या यांची मिळून शेकडो भोकं असतात. कारखान्यात लावलेलं सीलंट चाळीस वर्षांत वाळून गेलेलं असतं. पाऊस स्क्रूच्या कडेने आत झिरपतो आणि लाकूड कुजत जातं. वरून डेक रंगवलेला, चकचकीत दिसतो. पाय टाकला की मात्र किंचित दबतो.

खात्री अशी करून घ्या. रेलिंगच्या एका खांबाच्या बैठकीचा स्क्रू काढा, बारीक ड्रिल त्याच भोकात कडेने हळूच फिरवा आणि निघालेला भुसा तळहातावर घ्या. फिकट, हलका, फुंकर मारली की उडणारा भुसा निघाला तर देवाचे आभार माना. गडद तपकिरी, आंबूस वासाचा, बोटांत दाबल्यावर पाणी सोडणारा लगदा निघाला, चहात पडून विरघळलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखा, तर लाकूड गेलं. मग हातोडीने ठोकत बद्द आवाज कुठपर्यंत जातो ते पेन्सिलीने डेकवरच आखून घ्या. दोन हातांच्या ओंजळीएवढा भाग असेल तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबता येईल. डोलकाठीच्या पायथ्याशी किंवा चेनप्लेटपाशी (डोलकाठीच्या तारा बांधायच्या पट्ट्यांपाशी) असेल तर थांबू नका.

दुरुस्ती वरून करावी असं माझं मत आहे. वरचा थर आखणीवरून कापून अख्खा काढा आणि जपून ठेवा, कुजकं लाकूड खरवडून टाका, खालचा थर पूर्ण कोरडा होऊ द्या, नवा बाल्सा इपॉक्सी पाजून बसवा आणि जुना थर परत चिकटवा. कापलेल्या कडा बारापट रुंद तिरक्या घासून काचेच्या कापडाने जोडा. केबिनच्या छतातून, म्हणजे खालून काम केलं तर डेकचा रंग वाचतो, पण ओलं रेझिन डोळ्यांवर टपकत राहतं आणि काम कच्चं होतं. डेकला बारीक भोकं पाडून आत इपॉक्सी टोचण्याचा सोपा उपाय पुष्कळ लोक सुचवतील. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. वरून डेक ताठ वाटतो आणि आत कुजणं चालूच राहतं. त्यात पैसे घालू नका.

लाकूड कोरडं असलेल्या जागीही प्रत्येक भोक एकदा नीट करून घ्यावं लागतं. पाव इंची बोल्टसाठी वरून अर्ध्या इंचाचं भोक पाडायचं, वरचा थर आणि लाकूड पार करायचं, खालचा थर शाबूत ठेवायचा. ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर मधोमध पाव इंची भोक पाडायचं. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची भिंत आहे. उद्या सीलंट गेलं तरी पाणी लाकडाला शिवणार नाही. वरच्या कडेला किंचित खोलगट उतार करा, त्यात ब्यूटिल टेप भरा आणि खालून नट आवळा. बोल्ट फिरवू नका, नाहीतर टेप पिळून निघते. एकदम आवळू नका. दोन-तीन दिवसांनी थोडं-थोडं आवळत जा. थ्री-एम ५२०० सारखं कायमचं चिकटणारं सीलंट डेकच्या सामानाला वापरू नका. पुन्हा काढायची वेळ आली की सामानाबरोबर वरचा थरही उखडून येतो.

इपॉक्सीचं माप डोळ्यांनी नको, पंपाने किंवा वजनकाट्याने घ्या. वाळल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने धुवा आणि मगच घासा. आमच्याकडे थंडीत इपॉक्सी दिवसचे दिवस वाळत नाही. मुंबईच्या मे महिन्यात ती कपातच धुमसायला लागते, तेव्हा लहान कप करा आणि पसरट ताटलीत ओता. कोकणात मच्छीमार पावसाळ्याआधी बोटी काठावर ओढून शाकारतात, तसं तिथल्या मालकांनीही बोट पावसाळ्यात झाकून ठेवावी आणि डेकचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करावं. घासताना साधा कापडी मास्क पुरत नाही. काचेची धूळ आणि तळाच्या रंगातलं तांबं फुफ्फुसात जातं. गाळणीच्या डब्या असलेला रेस्पिरेटर घ्या.

डेकवरचं पाणी आणखी एक गोष्ट खातं, ती म्हणजे चेनप्लेट. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा ज्या स्टेनलेसच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या पट्ट्या डेकमधून आरपार खाली जातात. स्टेनलेसला गंज न चढण्याचं कारण त्याच्यावरची अतिशय पातळ ऑक्साइडची साय, आणि ती टिकायला हवा लागते. डेकच्या जाडीत, ओल्या लाकडात अडकलेल्या दीड इंचाला हवा मिळत नाही. तिथेच पट्टी आतून पोखरते. वर चकाकी, खाली चकाकी, मध्ये भेग. म्हणून एका वेळी एक चेनप्लेट काढा, तिथला भार दोरीने तात्पुरता सांभाळा, पट्टी साफ करून भेगा दाखवणारी रंगद्रव्याची फवारणी करा. लाल केसाएवढी रेघ दिसली तरी पट्टी बदला. तारांचंही तसंच: दहा ते पंधरा वर्षांपुढच्या तारांवर विमेवाले प्रश्न विचारतात, आणि ते बरोबर आहे. तारा कधी बदलल्या याचा कागद जुन्या मालकाकडे नसेल तर बदललेल्या नाहीत असंच धरा.

प्रत्येक मॉडेलचं आपलं एक ठरलेलं दुखणं असतं, ते खरेदीआधी शोधा. ‘कॅटलिना ३०’ हे चांगलं उदाहरण आहे: फ्रँक बटलर यांच्या कंपनीने सहा हजारांहून अधिक बांधल्या, त्यामुळे सुटे भाग आणि माहिती दोन्ही मुबलक. तिच्या कील आणि हलच्या सांध्यात पुढच्या बाजूला भेग पडते, तिला इकडे ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. कधी नुसते कीलचे नट ठरल्या मापाने आवळून, सांधा साफ करून भरला की काम भागतं. पण सुरुवातीच्या बऱ्याच बोटींत कीलच्या बोल्टखाली तळात लाकूड घातलेलं आहे. ते भिजून मऊ झालं असेल तर नट कितीही आवळा, वॉशर खाली बसत जातात. असं दिसलं तर भाव पाडा किंवा दुसरी बोट पाहा.

इंजिनाबाबत माझा सल्ला संयमाचा आहे. जुनं डिझेल सुरू होत असेल, थोडा पांढरा धूर देऊन साफ होत असेल, तर ते काढू नका. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर दर वर्षी बदला. जुन्याची पाती तुटलेली असतील तर ते तुकडे शोधून काढल्याशिवाय इंजिन बंद करून घरी जाऊ नका, कारण ते उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकतात आणि इंजिन तापतं. एक्झॉस्टचा वळणाचा तुकडा, जिथे पाणी आणि धूर मिसळतात, तो आतून काजळीने बुजतो. दर काही वर्षांनी उघडा. टाकीच्या तळाशी पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळी बुळबुळीत साय होते. धक्क्यावर ती शांत बसते आणि पहिल्या लाटेत ढवळून फिल्टर बंद करते, नेमकं बंदराच्या तोंडाशी. म्हणून टाकी उघडून साफ करा. बोटीत ‘ॲटॉमिक ४’ सारखं पेट्रोल इंजिन असेल तर ते चांगलं चालतं, पण सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर लावल्याशिवाय किल्ली फिरवू नका, आणि आधी तळात नाक घालून वास घ्या.

विजेचं जाळं मात्र बहुधा मुळापासून नवं करावं लागतं. चार मालकांनी आपापल्या परीने जोडलेल्या तारा, तारा जोडायच्या घरगुती टोप्या, इन्सुलेशन टेपच्या गाठी. जुन्या तारांना नव्या जोडत बसू नका. बॅटरीपासून सुरुवात करा: बॅटरीच्या धन टोकापासून सात इंचांच्या आत मुख्य फ्यूज, अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हेच आहे. इंजिन सुरू करण्याची तार या अटीतून वगळलेली आहे. तार कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तंतूंची. टोकं क्रिंप करून वर उष्णतेने आकसणारी नळी. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नाव. लिथियम बॅटरी आकर्षक आहे, पण जुन्या अल्टरनेटरला ती तापवून जाळू शकते. चार्जिंगची व्यवस्था बदलायची नसेल तर एजीएम बॅटरीवर समाधान माना. धक्क्यावरून घ्यायच्या विजेच्या प्लगाची टोकं काळवंडली असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही आजच बदला, आगी तिथे लागतात. मरिनाच्या पाण्यात कधीही पोहू नका. एखाद्या बोटीतून पाण्यात झिरपलेला प्रवाह माणसाचे हातपाय आखडून टाकतो, गोड्या पाण्यात तर विशेष.

स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला की बोटीच्या तळात साचतो. सिलिंडर बाहेर उघडणाऱ्या बंद कप्प्यात हवा, स्वयंपाक संपला की झडप तिथेच बंद करायची. टॉयलेटच्या नळ्यांना वास मुरलेला असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

तळाला फोड आलेले दिसले की नवे मालक हबकतात. हे ऑस्मोसिसचे फोड बहुतेक वेळा दिसायला वाईट आणि धोक्याला कमी असतात. फोडा, धुवा, वाळू द्या, इपॉक्सीने भरा. सगळा तळ सोलून काढण्याचा हजारोंचा खर्च त्याच पैशात होणाऱ्या तारा, झडपा आणि डेकच्या आधी करू नका.

एवढं झालं की बोट पाण्यात टाका आणि एक पूर्ण हंगाम तिच्यावर फिरा. नवी शिडं, जीपीएसचा मोठा पडदा, केबिनच्या गाद्या, सागवानावरचं वॉर्निश, काहीच अजून घेऊ नका. एका हंगामात बोट स्वतः सांगते काय हवंय. दोघंच जात असाल तर पुढचं शीड गुंडाळणारी यंत्रणा आधी. एकटे जात असाल तर सुकाणू धरणारा टिलर पायलट आधी. शिडं ताणून बसलेली, पोट मागे सरकलेली दिसली तर शरद ऋतूत मागवा. शिडं शिवणाऱ्यांकडे तेव्हा कामं कमी असतात आणि भावही बरा मिळतो.

एकच सुधारणा मात्र पहिल्या रात्रीच्या मुक्कामाआधी करा, ती नांगराची. जुन्या बोटीसोबत आलेला नांगर बहुधा लहान असतो. बनवणाऱ्याच्या तक्त्यापेक्षा एक माप मोठा, नव्या धर्तीचा घ्या. त्याला निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर लावा. नांगर टाकताना पाण्याच्या खोलीत नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची मिळवून त्याच्या पाचपट ते सातपट दोर सोडा. मुंबईसारख्या ठिकाणी उधाणाची भरती चार-पाच मीटर चढते, तेव्हा खोली भरतीची धरा. साखळी आणि दोराचं शेवटचं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे स्वतः आत हात घालून पाहा. तिथे धातूचा शॅकल नको, मजबूत दोरी हवी आणि ती डेकवर येईल एवढी लांब हवी. रात्री दुसरी बोट ओढत अंगावर आली, तर ती एका सुरीने कापून निघता येतं.